दुपारी भिंतीला धडकणारी गाडी

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत आम्हाला टीम डिझाइन नावाचा विषय होता. त्याला पुस्तक नव्हतं आणि शेवटी पेपरही नव्हता. चौघांनी मिळून हातभर लांबीची एक गाडी बांधायची आणि त्या गाडीनं रिमोटशिवाय, कुणाचा हात न लागता, आपली आपण शर्यत पळायची, एवढंच. शर्यतीला मार्क थोडे होते, एकत्र काम करण्याला जास्त. टीम कुणी निवडायच्या नाहीत म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकल्या.

मला चिठ्ठ्यांचं बरं वाटलं. निवडायला सांगितलं असतं तर मी कुणाकडे जाणार होते? कॉलेजात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि तिथे माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मुलांनी त्रास दिला असेल. तसं काहीच नव्हतं. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले, तोवर सगळ्यांच्या जोड्या जमल्या होत्या. शिवाय कॉलेज तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून, आणि आम्ही राहायला डहाणूत, रेल्वे क्वार्टर्समध्ये. सव्वापाचची एसटी चुकली की मग चारोटी नाक्यापर्यंत जीप आणि तिथून पुढे मिळेल ते. घरून बाकी कसली बंधनं नव्हती, पण सव्वापाचची बस चुकवायची नाही हे पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कॉलेजातलं खरं आयुष्य मात्र सव्वापाचनंतरच सुरू व्हायचं. मैदान, कट्टा, हॉस्टेलचे वाढदिवस, भांडणं, सगळं तेव्हा. सकाळी मी वर्गात यायचे तेव्हा ज्या गोष्टीवर सगळे हसत असायचे, ती आदल्या संध्याकाळी घडून गेलेली असायची.

पप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात. नंदुरबारहून त्यांची इथे बदली झाली. आई तिकडच्याच जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, तिची बदली होईना, म्हणून ती आणि धाकटा भाऊ नंदुरबारला राहिले. क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच, आणि त्यात पप्पांच्या पाळ्या. कधी कधी दोन-तीन दिवस आमची भेट फक्त दारात व्हायची. ते आत येत असायचे आणि मी बॅग अडकवून बाहेर पडत असायचे. 'भात आहे का?' 'कुकरमध्ये आहे.' एवढ्यावर दिवसाचं बोलणं संपायचं.

चिठ्ठीत मला मिळालेले तिघं असे. एक पालघरची मुलगी, हॉस्टेलला राहणारी, बोलण्यात पटाईत. दुसरा डहाणूचाच, घरची चिकूची वाडी, स्वतःची मोटरसायकल. तिसरा वरोरचा, घरी मासेमारीची बोट. तोही हॉस्टेललाच होता. तो इतका कमी बोलायचा की पहिल्या आठवड्यात मला त्याचा आवाजही ओळखता आला नसता.

कँटीनमध्ये पहिली बैठक झाली. ट्रॅक जुन्या वर्कशॉपच्या हॉलमध्ये आखणार होते आणि हॉल संध्याकाळी सहानंतर मोकळा असायचा. मोटरसायकलवाला म्हणाला, "मग रोज सहाला भेटू."

मी म्हटलं, "मला सव्वापाचची बस असते."

पालघरची मुलगी म्हणाली, "मग तू दुपारी करत जा ना तुझं तुझं. तुला ज्या दुपारी तास नसतील तेव्हा." तिनं ते चांगल्या मनानंच सुचवलं होतं, आणि दुसरा काही उपायही नव्हता. वरोरच्या मुलानं मान हलवली. माझी वाटणी अशी झाली.

गाडीला पुढे कॅमेरा होता आणि पाठीवर वहीच्या अर्ध्या पानाएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड. हॉलच्या करड्या सिमेंटवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून ट्रॅक केला होता, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या भिंती. कॅमेऱ्यानं पांढऱ्या पट्ट्या ओळखायच्या आणि गाडीनं त्यांच्या मधून पळायचं. ते ओळखायचं आणि वळायचं कसं, हा प्रोग्रॅम लिहिण्याचं काम माझ्याकडे आणि वरोरच्या मुलाकडे आलं. मोटरसायकलवाल्यानं सांगाडा बांधला, पालघरच्या मुलीनं अहवाल घेतला. तेही संध्याकाळी यायचे, पण हळूहळू त्यांचं काम आटोपत आलं. उरलो आम्ही दोघं. मी आठवड्यातून तीन दुपारी, तो रोज संध्याकाळी.

प्रोग्रॅम हॉलमधल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर होता. प्रोग्रॅममध्ये ओळीच्या आधी एक खूण टाकली की ती ओळ मशीन वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. नंतर येणाऱ्याला कळावं म्हणून अशा ओळी लिहितात. एका दुपारी मी फाइल उघडली तर माझ्या ओळींच्या खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. 'वेग कमी केलाय. वळणावर उलटत होती.'

मी खाली लिहिलं, 'ठीक. मी वळायचा कोन वाढवून बघते.'

दुसऱ्या खेपेला उत्तर होतं, 'बघितलं. बरं वळते. डाव्या चाकाचा स्क्रू ढिला आहे, पाना टेबलावर ठेवलाय.'

तिथून ते सुरू झालं. आधी फक्त कामाचं असायचं. मग एकदा त्यानं शेवटी लिहिलं, 'आज मेसमध्ये परत खिचडी.' मी लिहिलं, 'आमच्या बसमध्ये आज शेळी होती. तिकीट काढलं नाही तिचं.' तारा त्यानं प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी जाळ्याच्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, इतक्या सफाईनं की गाठ दिसायची नाही आणि एक टोक ओढलं की सगळं सुटायचं. मी विचारलं, 'ही गाठ कुठली?' त्यानं लिहिलं, 'आमच्याकडची. नाव नाही माहीत. बाबा मारतात तशी मारली.'

वर्गात आम्ही दोन बाकांच्या अंतरावर बसायचो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. मला वाटायचं, समोरासमोर बोलायला गेले तर फाइलमधलं बंद पडेल. त्याला काय वाटायचं, मी कधी विचारलं नाही. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी उद्या काय लिहायचं ते जुळवत बसायचे. आशागड येईपर्यंत जुळलेलं असायचं. त्या महिन्यांत मला दिवसभरात कुणी मुद्दाम काही सांगत असेल तर ती त्या फाइलमधलीच दोन-तीन वाक्यं होती.

मार्चच्या मध्याला गाडी माझ्या हातून धडकायला लागली. पहिली दोन वळणं नीट घ्यायची आणि तिसऱ्याला ट्रॅक सोडून सरळ पुठ्ठ्याच्या भिंतीवर जायची. मी तपासलं, परत पळवली, परत धडकली. खाली लिहून आले, 'तिसऱ्या वळणावर भिंतीला जाते आहे.'

उत्तर आलं, 'काल दहा फेऱ्या मारल्या. एकदाही नाही धडकली.'

पुढच्या दुपारी पुन्हा तेच. मी पुन्हा लिहिलं. त्यानं लिहिलं, 'तू काय बदललंस?'

'काहीच नाही.'

'मग धडकते कशी?'

मी त्याखाली काहीच न लिहिता बस पकडायला गेले. त्यानंतर आठवडाभर फाइलमध्ये फक्त आकडे राहिले. खिचडी नाही, बस नाही. सरांनी वर्गात प्रत्येक टीमला प्रगती विचारली तेव्हा पालघरची मुलगी उठून म्हणाली, "सर, आमची गाडी संध्याकाळी पळते आणि दुपारी रुसते." सगळे हसले, सरही हसले. तिला गंमतच करायची होती. पण दुपारी तिथे कोण असतं हे टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. मी वहीत बघत राहिले. वरोरचा मुलगाही हसला नाही, हे मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

त्या शनिवारी तास नव्हते. मी सकाळच्या बसनं गेले, ऑफिसमधून हॉलची किल्ली घेतली आणि ठरवलं, आज दिवसभर हिला पळवायचं आणि दर वेळेला लिहायचं. साडेनऊला पळाली. अकराला पळाली. बाराला पळाली. मी जमिनीवर बसून डबा खाल्ला, पोळी आणि बटाट्याची भाजी. एवढा मोठा हॉल, त्यात माझ्या चावण्याचाही आवाज येत होता. एकला पळाली. पावणेदोनला धडकली.

मी तिला उचलायला वळणापाशी गेले आणि पायांपाशी ऊन दिसलं. पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक खिडकी होती, तिची एक काच फुटलेली. तिथून पंज्याएवढा रुंद उन्हाचा पट्टा जमिनीवर उतरला होता, तिसऱ्या वळणाला आडवा. पांढराशुभ्र. ट्रॅकच्या पट्टीपेक्षाही पांढरा.

मी ओढणी काढून दोन्ही हातांत धरली आणि उन्हाच्या वाटेत उभी राहिले. पायानं गाडीचं बटण दाबलं. गाडी वळली. ओढणी खाली केली. गाडी भिंतीवर गेली. चार वेळा तसं करून पाहिलं. चारही वेळा तेच. कॅमेरा उन्हाला पट्टी समजत होता. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पळवणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हतं. म्हणजे तोही खरं सांगत होता.

मला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी लगेच सांगायला हवं होतं. पप्पांना फोन लावला, ते ड्युटीवर होते, उचलला नाही. आईचा शनिवारी तालुक्याला ट्रेनिंग वर्ग होता. टीमच्या ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं, कारण तिथे उत्तरादाखल एक अंगठा आला असता. बाहेर हायवेवरून गुजरातकडचे ट्रक जात होते. मी हॉलच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग आत जाऊन फाइलमध्ये सगळं लिहिलं, वेळेसकट. इतकं लांब मी त्यात कधीच लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'तू खोटं सांगत नव्हतास. मीपण नव्हते.'

सोमवारी मला प्रॅक्टिकल होतं. मंगळवारी दुपारी फाइल उघडली. 'आज तास बुडवून दुपारी आलो. पट्टा बघितला. तू बरोबर होतीस, मी उगाच तसं विचारलं. तीनपर्यंत तुझी वाट बघितली. मग आठवलं, सोमवारी तुझं प्रॅक्टिकल.'

खिडकीला पुठ्ठा लावून भागलं असतं, पण शर्यतीच्या दिवशी खिडक्यांना हात लावायचा नाही असा नियम होता. मग त्यानं गाडीच्या दोन्ही बाजूंना अंतर मोजणारे सेन्सर बसवले, जे आवाजाची लहर सोडून भिंत किती लांब आहे ते सांगतात. त्यांना ऊन-सावली कळत नाही. मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं की कॅमेरा एक सांगत असेल आणि सेन्सर दुसरं, तर गाडीनं वेग उतरवायचा आणि पुन्हा बघायचं.

त्यानं लिहिलं, 'असं हळू गेलो तर हरू.'

मी लिहिलं, 'धडकलो तर त्याहून आधी हरू.'

'बरं,' त्यानं लिहिलं.

शर्यत चैत्रात आली, विवळवेढ्याच्या देवीची जत्रा चालू असताना. आदले दोन दिवस हॉल सजवायला बंद होता, म्हणून मी गाडी घरी आणली होती आणि क्वार्टरच्या गच्चीवर खडूनं रेघा मारून भर उन्हात पळवली होती. शर्यतीच्या सकाळी खोका मांडीवर घेऊन बसले. चारोटी मागे टाकून बस हायवेला लागली आणि थोड्या वेळानं थांबली ती हलेना. पुढे सगळी जत्रेची वाहनं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. कंडक्टर म्हणाला, "देवळाच्या पुढे जाईपर्यंत असंच. घाई असेल तर चाललेलं बरं."

मी उतरले. खोका दोन्ही हातांत धरून गर्दीतून चालायला लागले. खिशात फोन वाजत होता, पण खोका ठेवायला जागा नव्हती. घामानं चष्मा घसरत होता. हातात नारळाची पिशवी घेतलेल्या एक मावशी माझ्या शेजारून चालत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गो त्या खोक्यात? एवढं जपून नेतेस ते."

"गाडी आहे, मावशी. कॉलेजची."

"खेळण्यातली?"

"नाही, शर्यतीची. आपली आपण चालते ती."

त्यांनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग तू कशाला उचलून चाललीस?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे. देवळापाशी मावशी वळल्या. गर्दीच्या पुढे मला एक जीप मिळाली.

कॉलेजच्या फाटकाशी वरोरचा मुलगा एकटाच रस्त्याकडे बघत उभा होता.

"फोन का नाही उचललास?"

"दोन्ही हातांत खोका होता."

"चालत आलीस?"

"अर्ध्यापर्यंत."

त्यानं खोक्याची एक बाजू धरली. मला एकटीलाही तो नेता आला असता, पण मी सोडला नाही आणि त्यानंही नाही. हॉलपर्यंत आम्ही दोघांनी तो तसाच नेला. फाइलमध्ये एवढं लिहिणारी आम्ही माणसं, वाटेत एक शब्द बोललो नाही.

आमची पाळी सगळ्यांत शेवटी ढकलली होती. तीन फेऱ्या होत्या. आधीच्या सहा टीमपैकी दोन गाड्या त्याच तिसऱ्या वळणावर भिंतीला गेल्या होत्या आणि त्यांच्या पोरांना कारण कळलं नव्हतं. आमची वेळ येईतो चार वाजून गेले होते. ऊन वळणावरून सरकून पुढच्या सरळ भागावर आडवं पडलं होतं. इतक्या उशिरा मी हॉलमध्ये तिला कधी पळवलंच नव्हतं, मी तर बसच्या तयारीत असायचे. मोटरसायकलवाल्यानं गाडी रेघेवर ठेवली. पालघरच्या मुलीनं माझा दंड धरला होता.

पहिल्या फेरीत गाडी उन्हापाशी आली आणि जवळजवळ थांबली. मागून कुणीतरी "गेली" म्हणालं. चाकं जरा डावीकडे वळली, परत सरळ झाली आणि गाडी ऊन ओलांडून गेली. दुसऱ्या फेरीत तसंच. तिसरीतही तसंच, प्रत्येक वेळेला अडखळायची आणि जायची. पोरं हसत होती, पण तिन्ही फेऱ्या पुऱ्या झाल्या. आम्ही चौथे आलो. सरांनी विचारलं, "उन्हाचं कुणाच्या लक्षात आलं?" वरोरच्या मुलानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हिच्या. मी आधी मानलं नव्हतं."

नंतर ट्रॅकपाशी चौघांचा फोटो काढला. ते तिघं हायवेवरच्या हॉटेलात जेवायला निघाले. वरोरचा मुलगा म्हणाला, "येतेस?" पालघरची मुलगीही म्हणाली, "चल ना, एक दिवस."

मी घड्याळ बघितलं. पाच वाजून पाच. पप्पांना फोन करून विचारता आलं असतं. त्यांनी बहुतेक हो म्हटलं असतं. मी ते का केलं नाही, याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. "बस आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "हो, बरोबर." आणि ते गेले.

दुसऱ्या सकाळी पप्पा ड्युटीवरून आले तेव्हा मी चहा टाकला होता.

"काय झालं कालचं? पहिले आलात का?"

"नाही. चौथे."

"पोचली ना पण शेवटपर्यंत?"

"पोचली."

"मग झालं," म्हणून ते बशीत चहा ओतून प्यायले आणि झोपायला गेले.

परीक्षेआधी मी एकदा हॉलमध्ये गेले. कॉम्प्युटरवर आमची फाइल होती, तिच्यात नवीन काही नव्हतं. मीही लिहिलं नाही. कामच उरलं नव्हतं, मग लिहायचं कशाखाली? शेवटच्या वर्षाला त्यानं गुजरातमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनिंग घेतलं आणि तो कॉलेजात फारसा दिसलाच नाही. व्हरांड्यात भेटलो की मान हलवायचो.

पण शेवटच्या वर्षाआधीची, मे महिन्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. पप्पा डहाणूत सुकी मासळी खायला शिकले होते, म्हणून मी बाजारात सुके बोंबील घ्यायला गेले होते. टोपलीपुढे बसलेल्या बाईनं वजन करता करता माझ्याकडे टक लावून बघितलं.

"तू त्या कॉलेजला असतेस का गो? तलासरीच्या?"

"हो."

"वाटलंच मला. चष्म्यावरून. माझ्या पोरानं फोटो दाखवला होता, गाडीचा. त्यात तू होतीस. आम्ही वरोरची."

मी चष्मा वर सरकवला. मी म्हटलं, "हो, आमच्या टीममध्ये होता तो."

तिनं बोंबील कागदात गुंडाळले, वर दोन जादा टाकले. मग जरा पुढे वाकून, शेजारणींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "तो घरी काय बोलतच नाय बघ. हूं की चूं नाय. बापासारखा. तिकडे तरी बोलतो का गो कुणाशी?"

"बोलतो ना," मी म्हटलं. "खूप बोलतो."

तिला इतकं बरं वाटलं की तिनं पुडक्यात आणखी एक मूठ जवळा घातला आणि नको म्हटलं तरी ऐकलं नाही.